आजोबांच्या चोपडीतलं आर्ट जर्नल: जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

१२ जून

मामा नाशिकच्या भांडी बाजारातलं दुकान आवरतोय. माळ्यावरून हिशेबाच्या चार चोपड्या निघाल्या, लाल कापडी बाइंडिंगच्या, लांबट, सुतळीने बांधलेल्या, सगळ्या आजोबांच्या हातच्या. तीन पूर्ण भरलेल्या आणि एक निम्म्याहून जास्त कोरी. मामा म्हणाला कोरी आहे ती तू ने, बाकीच्या राहू दे माझ्याकडे.

गेलं वर्षभर मी साध्या स्केचबुकात आर्ट जर्नल करतेय, म्हणजे रंग, कात्रणं, शिक्के, लिखाण सगळं एकाच पानावर, आधीपासून काही ठरवायचं नाही, रात्री तासभर बसायचं आणि हाताला लागेल ते लावत जायचं. आता ते या चोपडीत करायचं. जुन्या वहीत असं काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून तारखेवार लिहून ठेवतेय, खर्च, चुका, वाया गेलेला वेळ सगळ्यासकट. तारीख काम सुरू केलं त्या दिवसाची, नंतर कळलेलं त्याच नोंदीत खाली भरलेलं.

चोपडीची स्थिती: कोरी पानं ९४. कागद पातळ पण चिवट, पिवळट, रकान्यांसाठी प्रत्येक पानाला उभ्या घड्या पाडलेल्या आहेत. लिहिलेल्या भागात निळी शाई, मथळे लाल शाईत, टाकाने किंवा फाउंटन पेनाने. कळशी, हंडा, घंगाळ, वजन, मजुरी, आणि शेवटी जुनी भांडी दिली असतील तर मोडीचे पैसे वजा. १९६९ सालची आहे. अक्षर इतकं सरळ की ओळी आखल्यासारख्या वाटतात, आणि कागदावर एकही ओळ नाहीये.

१५ जून

आज मोठी चूक झाली आणि ती सगळ्यात आधी वाचा.

पातळ कागदावर अॅक्रिलिक थेट लावलं की तो चुरगळतो, म्हणून आधी जेसोचं अस्तर द्यायचं हे मला माहीत होतं. २५० मिलीची बाटली आणली, ३०० रुपये. पहिलं कोरं पान उघडलं आणि चपट्या ब्रशने दोन हात मारले, पहिला हात नीट वाळायच्या आत दुसरा. पान छान पांढरं झालं. वीस मिनिटांनी उलटून बघितलं.

पहिलं कोरं पान म्हणजे शेवटच्या लिहिलेल्या पानाची मागची बाजू. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जेसोतलं पाणी कागदातून आरपार गेलेलं, निळी शाई पसरून अक्षरांभोवती ढग झालेले आणि वरच्या लाल मथळ्याचा ओघळ खाली निळ्यात उतरून जांभळा झालेला. मी घाबरून टिपकागद दाबला, ती दुसरी चूक. ओली झालेली शाई टिपकागदाने वर ओढून घेतली आणि जे अजून वाचता येत होतं तेही फिकं झालं. टिपकागदावर मात्र आजोबांच्या दोन ओळी उलट्या उमटल्यात, तो जपून ठेवलाय.

असं झालं तर दाबू नका, पुसू नका, पान आडवं ठेवून आपोआप वाळू द्या. शाई जिथे आहे तिथे तरी राहते.

१६ जून

रात्रभर झोप लागली नाही, सकाळी मामाला फोन केला. तो चिडला नाही, संध्याकाळी इंदिरानगरला घरीच आला आणि भिंग मागितलं. म्हणाला, "अगं, ते पान वाचलं होतंस का तू आधी?" मी म्हटलं नाही रे, मी कोरी पानंच मोजत बसले.

त्याने बराच वेळ लावून वाचलं. हिशेब नव्हताच तो. "गोदावरीस पूर. दुकानात पाणी" आणि पुढे आकडा होता तो गेलाय, मग "फूट. माल वर चढविला. दुकान बंद." १९६९ चा महापूर. मामा तेव्हा नऊ वर्षांचा होता. चोपडी कोरी का राहिली तेही त्यानेच सांगितलं: दुकानातला गाळ काढून, फळ्या बदलून परत सुरू करेपर्यंत दिवाळी आली, आणि पाडव्याला नवी चोपडी घातली. म्हणजे मी ज्या ९४ पानांवर रंग लावायला निघाले होते ते सगळे बंद दुकानाचे दिवस आहेत.

काम थांबवायचं का असं त्याला विचारलं. म्हणाला, "कर तू, पण लिहिलेलं वेगळं काढ आधी."

१८ जून

काल आणि आज फक्त चाचण्या. चोपडीचं एक कोरं पान कापून त्याच्या पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टीवर वेगळ्या पेनाने एकच वाक्य लिहिलं, एक दिवस वाळू दिलं आणि मग मागून जेसो, पुढून जेसो, पुढून नुसतं पाणी, आणि स्पिरिट.

फाउंटन पेनची निळी शाई: पाण्यात लगेच पसरते, मागून लावलं तरी. जेल पेन: पेनावर अवलंबून, घरातल्या तीनपैकी दोन पसरले. बॉलपेन पाण्याला दाद देत नाही पण स्पिरिट लागलं की जांभळा डाग, म्हणजे वर स्पिरिटवाले मार्कर वापरणार असाल तर बॉलपेन नको. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रिंट पाण्यात गेली. झेरॉक्स मात्र जशीच्या तशी, पाणी, जेसो, काहीही झालं नाही, कारण झेरॉक्सची काळी पूड म्हणजे प्लास्टिकच असतं, ते कागदावर गरम करून चिकटवलेलं असतं.

दोन दिवस गेले पण पुढचं सगळं काम या चाचणीवर उभं राहिलं. ठरलं: मूळ लिखाणाला हात नाही, जर्नलमध्ये जाईल ती झेरॉक्स.

२२ जून

रविवार कारंजाजवळच्या गल्लीत एक बाइंडर काका आहेत, त्यांच्याकडे चोपडी नेली. त्यांनी शिवण उसवून लिहिलेला भाग वेगळा केला, ते खराब झालेलं पानही त्यातच ठेवलं, आणि त्याला साधी पुठ्ठ्याची पाठ लावून दिली. तो भाग मामाकडे परत गेला. कोरा भाग लाल कापडातच पुन्हा शिवला.

मी सांगितलं की प्रत्येक पानावर कागद, रंग, कापड चिकटणार आहे. काकांनी लगेच विचारलं, "मग मिटणार कशी ताई ही?" बरोबर होतं त्यांचं. उपाय त्यांनीच केला: दर दोन पानांनंतरचं तिसरं पान कापून टाकलं, पण मुळापासून नाही, शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून. त्या पट्ट्यांमुळे पाठ जाड राहते आणि पानं फुगली तरी वही तोंडाकडे जबडा वासत नाही. ९४ मधलं एक मी कापलेलं, उरलेल्या ९३ मधली ३१ गेली, ६२ राहिली. कापलेली पानं मी घेतली, चाचण्यांना आणि कोलाजला सोन्यासारखी आहेत.

चिकटवायला काका मैद्याची खळ वापरतात आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, कीड लागत नाही म्हणून. मी घरी खळ करून बघितली, मोरचूद विषारी म्हणून घातला नाही, आणि पावसाळी हवेत पाचव्या दिवशी वाटीत बुरशी. पावसाळ्यात घरची खळ नको, एवढंच. बाइंडिंगचे १५० रुपये.

३० जून

६२ पानांना विकतचा जेसो परवडणार नाही म्हणून घरचा करून बघितला. जेसो म्हणजे शेवटी पांढरी पूड, चिकट माध्यम आणि पांढरा रंग. तीन पुड्या वापरून बघितल्या.

पहिली रांगोळी, घरात होती म्हणून. फेव्हिकॉल आणि पांढऱ्या अॅक्रिलिकमध्ये कालवली. वाळल्यावर पॉलिश पेपरसारखी खरखरीत झाली, त्यावर बारीक निबचं पेन चालवलं तर निब गेलं, १२० रुपयांचं पेन होतं. टेक्स्चर म्हणून एखाद्या कोपऱ्यात छान दिसते, पण लिहायच्या जागी अजिबात नको.

दुसरी प्लास्टर ऑफ पॅरिस. लावताना लोण्यासारखं, दिसायला सगळ्यात सुंदर, आणि दुसऱ्या दिवशी पान वाकवलं तर बरोबर आजोबांच्या वेळच्या त्या उभ्या घड्यांवरून तडे गेले आणि पापुद्रे सुटून वहीत पडले. लाकडी फळीवर किंवा पुठ्ठ्यावर चालेल, उघडमीट होणाऱ्या पानावर नाही.

तिसरी चॉक पावडर, रंगाच्या दुकानात किलोने मिळते, भिंतीला लांबी म्हणजे पुट्टी भरायला पेंटर लोक नेतात. ४० रुपये किलो. तीन चमचे पूड, एक चमचा फेव्हिकॉल, एक चमचा पांढरं अॅक्रिलिक, आणि ताकासारखं होईपर्यंत पाणी. आधी पूड मैद्याच्या चाळणीने चाळायची नाहीतर गुठळ्या राहतात. एकच पातळ हात, वाळला की दुसरा, ब्रश आडवा. ही टिकली. घड्यांवर सुद्धा तडा नाही, पेन्सिल आणि पेन दोन्ही चालतात. एक उणीव म्हणजे ही विकतच्या जेसोपेक्षा पाणी जास्त पिते त्यामुळे वॉटरकलर डागाळ दिसतो. मला ते आवडलं, सगळ्यांना आवडेल असं नाही.

९ जुलै

आठ पानं रंगवून झाली होती, परवा वही मिटून कपाटात ठेवली, वर दोन जाड पुस्तकं. आज उघडली तर चौथं आणि पाचवं पान एकमेकांना चिकटलेलं. हळूहळू सोडवायचा प्रयत्न केला, चर्र आवाज आला आणि चौथ्या पानावरचा सगळा निळा थर पाचव्यावर गेला, खालून कागद दिसायला लागला.

अॅक्रिलिक हाताला कोरडं लागलं तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला बरेच दिवस लागतात आणि या दमट हवेत तर अजून जास्त. त्यात रंगवलेल्या पानासमोर रंगवलेलं पान आणि वर वजन. हेअर ड्रायर मारून बघितला, जवळून मारला तर थराखाली फोड आले, लांबून मारला तरी वरचंच वाळतं, आणि गरम असताना मिटलं तर उलट जास्त चिकटतं.

आता करते ते असं: काम झाल्यावर वही टेबलावर उभी ठेवायची, पानं पंख्यासारखी उघडी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी वेगवेगळी धरलेली, रात्रभर पंखा. दुसऱ्या दिवशी पानावर अगदी चिमूटभर टाल्कम पावडर टाकून मऊ फडक्याने पुसून घ्यायची. मिटायच्या आधी मध्ये बटर पेपर. आणि वर वजन कधीच नाही. तेव्हापासून एकही पान चिकटलेलं नाही. वर्तमानपत्र मध्ये घालू नका, छपाई रंगावर उमटते आणि कागदही चिकटतो.

ते निळं गेलेलं चौथं पान तसंच ठेवलं. फाटलेल्या थराची कड नदीकाठासारखी दिसते.

१४ जुलै

कांद्याची जाळीची गोणी, लाल रंगाची, स्टेन्सिल म्हणून. लासलगावहून आत्याकडे येतात कांदे. पहिल्यांदा ब्रशने रंग लावला, रंग जाळीखाली घुसला आणि नुसता ठिपका झाला. दुसऱ्यांदा भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घेऊन रंग लावला, लावला म्हणजे आधी रद्दी कागदावर टिपून टिपून जवळजवळ संपवला आणि मग जाळीवर उभा ठोकला, घासायचा नाही. जाळी स्वच्छ उमटली, माशाच्या खवल्यांसारखी. गोणी आधी धुऊन वाळवून घ्या, कांद्याची सालं रंगात अडकतात.

द्राक्षाच्या पेटीत घालतात तो पातळ कागद पण वापरला, मॅट मीडियमने, म्हणजे बिनरंगी, बिनचकाकीच्या चिकट माध्यमाने, चिकटवला की जवळजवळ पारदर्शक होतो आणि सुरकुत्या तेवढ्या राहतात. खालच्या रंगावर धुकं आल्यासारखं दिसतं. खर्च शून्य, फेब्रुवारी-मार्चमध्ये जमवून ठेवा.

२० जुलै

ऑइल पेस्टल आधी आणि वर अॅक्रिलिक, असं करू नका. वाळल्यावर नखाने सोलून निघतं. पाण्याचं सगळं आधी, तेलकट सगळ्यात शेवटी. १२० रुपयांचा बॉक्स अर्धा संपवून हे कळलं.

३ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. सकाळी गोदावरीवरच्या होळकर पुलावर गेले, गर्दी होती, सगळ्यांची नजर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे. नाशिकमध्ये पाणी किती क्युसेक सोडलं ते पेपरवाले सांगतात पण लोक एकमेकांना विचारतात ते मारुतीच्या कुठपर्यंत आलं. आज कमरेच्या खाली होतं. रामकुंडाजवळची छोटी देवळं पाण्यात, कळस वर.

पुलावर छत्री धरून पाच मिनिटांत स्केच काढलं. ब्रश पेन पावसाच्या थेंबांनी फुटलं, बॉलपेन ओल्या कागदावर उठेना, चालली फक्त पेन्सिल, ४बी. पावसात बाहेर काढायचं असेल तर दुसरं काही नेऊ नका.

१० ऑगस्ट

पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गाळ राहतो, महापालिकेची माणसं पाईपने धुऊन काढत होती. मी एक डबाभर आणला, हातात पिशवी घालून. याचा रंग करायचा होता.

घाण वास होता, म्हणून आधी उकळला. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून ढवळला, मिनिटभर थांबले, जड वाळू खाली बसली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतलं आणि ते रात्रभर ठेवलं. सकाळी वर स्वच्छ पाणी आणि तळाशी लोण्यासारखा मऊ थर. असं तीन वेळा. मग मलमलच्या फडक्यातून गाळून ताटात वाळवला, वाळायलाच चार दिवस लागले, आणि खलबत्त्यात कुटून पूड केली. डबाभर गाळातून मूठभर पूड. आईने खलबत्ता परत स्वयंपाकात घ्यायला नकार दिला, तो आता माझाच, आईचं बरोबरच आहे.

माध्यम आधी बाभळीचा डिंक घेतला, भिजवून, गाळून. रंग सुंदर, ओला असताना काळपट आणि वाळल्यावर राखाडी-तपकिरी, सह्याद्रीच्या काळ्या दगडाचीच ही माती. पण आठवड्यात डिंकाच्या बाटलीवर पांढरी साय आली. पुढच्या बाटलीत लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातले, ती अजून ठीक आहे. पातळ हात नीट बसतो, जाड लावला तर शेतातल्या मातीसारख्या भेगा पडतात आणि पान हलवलं की पूड गळते. जाड हवा असेल तिथे डिंकाऐवजी मॅट मीडियममध्ये कालवला, तो हलत नाही. १०० मिली मॅट मीडियम १८० रुपये.

१८ ऑगस्ट

झेरॉक्स ट्रान्सफरचा, म्हणजे झेरॉक्सवरची अक्षरं तेवढी जर्नलच्या पानावर उतरवायचा, पहिला प्रयत्न, पूर्ण फसला. मामाकडून पुराच्या नोंदीचं ते खराब झालेलं पान, त्या बांधलेल्या भागासकट, दोन तासांसाठी आणलं, झेरॉक्सवाल्याने कॉन्ट्रास्ट वाढवून दिला तर फिकी शाई बरीच वर आली, पाच वेगवेगळ्या गडद प्रती काढल्या. मूळ पान लगेच परत.

मग घरी फेव्हिकॉल लावून प्रत पानावर पालथी चिकटवली, वाळल्यावर पाणी लावून कागद चोळून काढायला लागले तर खालचं फेव्हिकॉलच मऊ पडून दुधासारखं पांढरं झालं आणि अक्षरं बोटाबरोबर निघून आली. चूक माझी, ते लाकूड आणि कागद जोडायला आहे, पाणी लागलं की साधं फेव्हिकॉल परत मऊ होतं. आणि जी दोन अक्षरं राहिली ती उलटी. पालथी चिकटवली तर उलटी येणारच.

२४ ऑगस्ट

दुसरा प्रयत्न आणि हा जमला, म्हणून सविस्तर लिहिते.

मोबाइलवर झेरॉक्सचा फोटो उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा, लेझर प्रिंट काढली, ५ रुपये. पानावर जेसो वाळून आठवडा झालेला. पानावर मॅट मीडियमचा भरपूर हात, प्रिंटवर पण एक हात, पालथी ठेवली आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेला हवा काढत नेली. बाहेर आलेलं मीडियम लगेच पुसायचं, ते मागच्या बाजूला लागलं तर तिथला कागद नंतर निघत नाही. मग पूर्ण एक दिवस वाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने मागचा कागद भिजवला, दोन मिनिटं थांबले आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळायला सुरुवात केली. कागदाचा लगदा अंगाच्या मळासारखा सुरळ्या होऊन निघतो. नख लावायचं नाही. आधी धूसर राखाडी, मग एकेक काना दिसायला लागला, "गोदावरीस" मधला दीर्घ वेलांटीचा लांब फटकारा पहिल्यांदा उमटला तेव्हा आई बाजूला उभी होती, ती नुसती म्हणाली, "अण्णांची वेलांटी." सगळं काढलं असं वाटलं तरी वाळल्यावर परत पांढरा थर दिसतो. ते तीन वेळा केलं, भिजवा, चोळा, वाळवा. शेवटी जी धूळ राहते ती घालवायला मीडियमचा एक पातळ हात, त्याने धुकं निवळतं आणि अक्षर स्वच्छ काळं.

एका पानाला धरून तीन दिवस. "ल" आणि "र" चे दोन तुकडे गेले, ते पेनने भरले नाहीत.

५ सप्टेंबर

दुकानातल्या मोडीत तांब्याच्या पत्र्याच्या कात्रणांची एक पिशवी होती. दोन बोटं रुंद एक पट्टी घेतली, चिंचेने घासून लख्ख केली, मग बंद डब्यात खाली व्हिनेगर, वर जाळीवर पट्टी, पट्टीवर मीठ शिंपडून दोन दिवस. हिरवा-निळा कळंक चढला, जुन्या देवळातल्या कळसासारखा. हा कळंक पोटात जाऊ देऊ नका, हात धुवा, डबा परत वापरू नका.

चिकटवणं जमत नव्हतं, पत्र्याला काही धरेना, म्हणून खिळ्याने कडेला भोकं पाडून दोऱ्याने पानाला शिवली. कडा आधी पॉलिश पेपरने घासा, माझं बोट कापलं. आठ दिवसांत समोरच्या पानावर हिरवा डाग उतरला. पट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले, मग थांबलं.

आजोबांच्या जुन्या पत्रांवरची दोन पोस्टाची तिकिटं पण लावली, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की सुटतात. ही आपल्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्येच छापली गेलेली, दुकानातल्या पत्र्याशेजारी ती ठेवताना मला फार बरं वाटलं.

२१ सप्टेंबर

खर्च एकत्र लिहिते: जेसो ३००, अॅक्रिलिक ट्यूबचा सेट २२०, मॅट मीडियम १८०, फेव्हिकॉल १५०, बाइंडिंग १५०, पेस्टल १२०, गेलेलं पेन १२०, चॉक पावडर ४०, झेरॉक्स आणि प्रिंट ६०. एकूण १३४०. यातला जेसो, पेस्टल, पेन हे ५४० टाळता आले असते. चॉक पावडर अजून पाऊण किलो शिल्लक आहे.

वेळ: ६२ पैकी १९ पानं झाली, रोज तासभर धरून. निम्मा वेळ वाळायची वाट बघण्यात. तीन-चार पानं एकावेळी निरनिराळ्या टप्प्यांवर ठेवली की बसून राहावं लागत नाही, हे मी ऑगस्टपर्यंत केलं नाही.

५ ऑक्टोबर

पुराचं जोडपान. डावीकडे ट्रान्सफर केलेलं आजोबांचं लिखाण, उजवीकडे पुलावरचं पेन्सिल स्केच मोठं करून, खाली गाळाचे हात. पाण्याची पातळी कुठे काढायची ते अडलं होतं कारण आकडा मीच घालवला होता. आजी म्हणते चार फूट, आत्याचं म्हणणं छातीएवढं.

मामाने दुकानाची चावी दसऱ्यानंतर द्यायची ठरवलीय, म्हणून आज आम्ही दोघं तिथे गेलो. भिंतीतले खण तेव्हाचेच आहेत. मामा म्हणाला, "दुसरी फळी पाण्यात होती, तिसरीवरचे तांबे कोरडे राहिले होते, ते मी मोजले होते." टेपने मोजलं, दुसऱ्या फळीपर्यंत तीन फूट अकरा इंच, तिसऱ्यापर्यंत पाच फूट एक. म्हणजे पाणी या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

घरी येऊन त्याच मापाने, एका फुटाला दोन सेंटिमीटर, पानाच्या कडेला खुणा केल्या. रेघ एकच काढली नाही, दोन फळ्यांच्या मधला सगळा पट्टा गाळाच्या पातळ पाण्याने भरला, वर जाता जाता फिका. मामाला ब्रश दिला तर त्याने बोटच बुडवलं आणि पट्ट्याच्या वरच्या कडेने एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ओढत नेलं. "पाणी" आणि "फूट" च्या मधली जागा तशीच मोकळी आहे.

पान अजून ओलं आहे. चिमटे लावून वही उभी ठेवलीय, पंखा चालू, बटर पेपर उद्या.